ओसरलेल्या टाळ्या

धर्मग्रामाचा सण पंधरा दिवसांवर आला होता. सायंकाळची मिस्सा आटोपून आम्ही कार्यालयात वर्गणीच्या पावत्या लावीत बसलो होतो. बोईसर स्टेशनाकडून रिक्षांचा गलका ऐकू येत होता आणि वाऱ्याच्या झुळकीबरोबर औद्योगिक वसाहतीचा तो ओळखीचा दर्प खिडकीतून आत येत होता. इतक्यात दारात एक वयोवृद्ध गृहस्थ येऊन उभे राहिले. सत्तरी उलटलेली, अंगात परीटघडीचा शर्ट, केस काळजीपूर्वक रंगवलेले आणि काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक जाडजूड आल्बम. ते आमच्या गायकवृंदात नव्हते, कोणत्याच मंडळात नव्हते. मात्र रविवारच्या मिस्सेला शेवटून दुसऱ्या बाकावर न चुकता असत. आम्ही त्यांना काका म्हणत असू. येथेही तेवढेच नाव पुरे.

काकांनी आल्बम टेबलावर उघडला. आतील छायाचित्रे पिवळी पडली होती. पांढरा कोट, हातात माइक, दुसरा हात आकाशाकडे उंचावलेला, मागे अॅकॉर्डियन आणि बोंगो. पन्नाशीच्या पुढील वाचकांस तो काळ आठवत असेल. मुंबईत ऑर्केस्ट्रांचा सुकाळ होता. गणेशोत्सव असो, लग्नाचे रिसेप्शन असो, गिरणगावातील एखाद्या मंडळाचा वार्षिक समारंभ असो, ऑर्केस्ट्राविना शोभा नसे. एखाद्या नामवंत पार्श्वगायकाचा आवाज जो हुबेहूब काढी त्याला त्या गायकाचे नाव बिरुदासारखे लाभे, आणि फलकावर ते बिरुद त्याच्या स्वतःच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत रंगवले जाई. काकांना असे बिरुद होते. पुढे घरोघरी कॅसेट आली, दूरदर्शन आले, मागाहून डीजे आला. काकांनी तारापूरच्या एका कापड कारखान्यात नोकरी धरली आणि वीसबावीस वर्षे पाळ्या केल्या. शेजारच्या यंत्रावरील माणसालाही ते गात हे ठाऊक नव्हते.

"फादर, सणाच्या रात्री कार्यक्रम आहे ना? मला अर्धा तास द्या," ते म्हणाले. "तीनच गाणी. आणि नाव पुकारताना ते जुनं बिरुद लावून पुकारायला सांगा."

"कौन्सिलला विचारून सांगतो," आम्ही म्हणालो. धर्मगुरूच्या तोंडचे हे वाक्य म्हणजे बहुधा नकाराची पहिली पायरी असते, हे वाचकांस सांगावयास नको. काकांनाही ते कळले असावे. त्यांनी आल्बम मिटला, पिशवीत घातला, पिशवीचे तोंड दोनदा दुमडले आणि ते निघून गेले.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. एका वृद्धाने तीन गाण्यांची परवानगी मागितली, त्यात अस्वस्थ होण्याजोगे काय होते? गाणे मागितले असते तर आम्ही तत्काळ होकार दिला असता. पण त्यांनी मागितले होते ते बिरुद. गेलेले काही परत मागण्यात, तेही चारचौघांत, काहीतरी लाजिरवाणे आहे असे आपणांस वाटते. ते खरोखर लाजिरवाणे आहे काय? ओसरलेली कीर्ती परत मिळवू पाहणे हा दोष मानावा काय? आणि दोष असेल तर तो मागणाऱ्याचा, की पूर्वी देऊन नंतर हात आखडून घेणाऱ्यांचा? हा विचार करताना आम्हांस वारंवार एका मराठी माणसाची आठवण होत राहिली. ते म्हणजे भगवानदादा.

भगवान आभाजी पालव यांचा जन्म 1 ऑगस्ट 1913 रोजी अमरावतीस झाला. (योगायोग असा की आमचा पालघर जिल्हाही 1 ऑगस्टलाच, 2014 साली, अस्तित्वात आला.) वडील मुंबईत गिरणीकामगार, स्वतः भगवानदादांनीही मजुरी केलेली. मूकपटांच्या काळात ते चित्रसृष्टीत शिरले, मग अल्प खर्चाचे मारधाडीचे चित्रपट काढू लागले. हे चित्रपट सुशिक्षितांनी पाहिले नाहीत. ते पाहिले कामगारांनी, आणि मनापासून पाहिले. 1947 साली चेंबूरला त्यांचा स्वतःचा 'जागृती' स्टुडिओ उभा राहिला. राज कपूर यांनी त्यांना सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला दिला, आणि 1951 साली 'अलबेला' आला.

आमच्या पिढीने तो दूरदर्शनवर पाहिला. ज्यांच्या घरी संच होता त्यांच्या ओटीवर अर्धी आळी बसलेली असे. नायक म्हणावा असा देखणा चेहरा नाही, देह स्थूल, उंची बेताची. पण हा माणूस दोन्ही हात सैल सोडून, कमरेत किंचित वाकून असा काही डुले की पाहणाऱ्याचे पाय जमिनीवर स्थिर राहत नसत. सोबत गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचे आणि भगवानदादांसाठी आवाजही त्यांचाच, चितळकर या नावाने. आपल्या वाचकांस आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी: या चित्रपटातील एका नृत्यगीतात जो वाद्यवृंद पडद्यावर दिसतो तो गोव्यातील हळदोण्याच्या आंतोनियो झेवियर वाझ यांचा. ट्रम्पेट वाजवणारे हे आपले बांधव 'चिक चॉकलेट' या नावाने मुंबईच्या हॉटेलांत गाजलेले होते. हिंदी चित्रपटसंगीतात असे कितीतरी गोवेकर ख्रिस्ती वादक होऊन गेले. बहुतेकांची नावे पडद्यावर आलीच नाहीत, तेव्हा पुसली जाण्याचा प्रश्नही उद्भवला नाही.

'अलबेला'ची कथा आज पुन्हा आठवून पाहिली की मन चरकते. प्यारेलाल नावाचा एक गरीब कारकून, नाटकाचे वेड असलेला. बहिणीच्या लग्नाला पैसे पुरत नाहीत, घरात भांडण होते आणि नाव व पैसा मिळवल्याशिवाय परतणार नाही असे म्हणून तो घराबाहेर पडतो. दोन्ही मिळवतो. परंतु घरी पाठवलेला पैसा मधल्यामध्ये गडप होत असतो, आणि तो परततो तेव्हा आई गेलेली असते. रंगमंचावरील टाळ्यांचा आवाज घरापर्यंत पोहोचत नाही, ही गोष्ट भगवानदादांनी स्वतःच दिग्दर्शित केली होती, कीर्तीच्या ऐन शिखरावर उभे राहून.

पुढचे सर्वज्ञात आहे. जुहूला समुद्रालगत पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक अशा सात मोटारी होत्या, असे सांगतात. 1953 साली त्यांनी 'झमेला' काढला. पुन्हा गीता बाली, पुन्हा सी. रामचंद्र. तो 'अलबेला'सारखा चालला नाही. किशोरकुमार यांना घेऊन 'हंसते रहना' सुरू केला, तो पूर्णच झाला नाही. 1966 साली 'लाबेला' आला आणि गेला. ही नावे एकापुढे एक ठेवून उच्चारून पाहावीत: अलबेला, झमेला, लाबेला. नावाचे यमकसुद्धा सोडवले नाही! जणू कुलूप तेच आहे, तेव्हा किल्लीही त्याच घाटाची हवी. बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि ज्या दादरच्या परिसरातून ते वर चढले होते तेथील चाळीत परतले. जुन्या सोबत्यांपैकी सी. रामचंद्र, ओमप्रकाश, गीतकार राजेंद्रकृष्ण असे थोडेच त्यांच्याकडे जात राहिले.

पण ते घरी बसून राहिले नाहीत, हे ध्यानात घ्यावे. इतरांच्या चित्रपटांत मिनिटादोन मिनिटांची कामे त्यांनी अनेक वर्षे केली. गर्दीतून एक म्हातारा पुढे येई, दोन्ही हात सैल सोडून तेच पाऊल टाकी आणि पडद्याबाहेर जाई. प्रेक्षागृहात कोणीतरी शीळ घाली. गणपतीची मिरवणूक त्यांच्या चाळीसमोर थांबे, बँडवाले 'अलबेला'चे गाणे धरीत आणि दादा खाली उतरून पाऊल टाकीत, असेही दादरकर सांगतात. 4 फेब्रुवारी 2002 रोजी दादरच्या राहत्या घरीच ते निवर्तले. 2016 साली त्यांच्या आयुष्यावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट निघाला. ते हयात असते तर त्यांना किती आनंद झाला असता, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. आम्हीही म्हटले. हयात असताना आपण काय केले, हे मात्र कोणी विचारले नाही.

गोरेगावच्या सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान शिकवताना कीर्तीचा विषय फार लवकर आटोपला जाई. अॅरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे की सन्मान हे मनुष्याचे अंतिम हित होऊ शकत नाही, कारण तो घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याच्या हाती अधिक असतो. एवढे लिहून आम्ही वही मिटत असू. विशीत हा युक्तिवाद अगदी सोपा वाटे. आज वाटते, अॅरिस्टॉटलने रोग अचूक सांगितला, पण रोग्याच्या उशाशी बसून सांगितला नाही. जे दुसऱ्याच्या हाती होते ते एकदा तुमच्या पदरात पडले, तुम्ही मागितले नसता पडले, आणि मग काढून घेतले गेले, तर त्या रिकाम्या पदराचे काय करावे?

संत अगस्तीनचे तसे नाही. आपल्या आत्मनिवेदनात, बिशप झाल्यानंतरच्या वयात, ते उघड कबूल करतात की स्तुतीचा मोह अद्याप सुटलेला नाही. इतर मोहांची परीक्षा त्या वस्तूपासून दूर राहून घेता येते. स्तुतीचे तसे नव्हे. स्तुतीविना आपण राहू शकतो की नाही हे पाहण्यासाठी वाईट जगावे काय, असा त्यांचा पेच आहे. चांगले काम केले की स्तुती मागोमाग येतेच, मग आपण कामावर प्रेम करतो की मागोमाग येणाऱ्या पाहुणीवर, हे ओळखावे कसे? ओळखण्याची एकच वेळ असते, ती म्हणजे पाहुणी येईनाशी झाल्यावर. भगवानदादांवर ती वेळ आली, काकांवर आली. बहुतेकांवर येत नाही, म्हणून बहुतेक आपण निर्मोही आहोत अशा समजुतीत मरतात.

संत थॉमस अक्वायनस यांनी तर मोठीच गंमत केली आहे. मनाचा मोठेपणा हा सद्गुण धरून त्याच्या विरुद्ध जे दोष त्यांनी मांडले त्यांत पोकळ कीर्तीची हाव जशी आहे तशीच मनाची क्षुद्रता आहे. आपल्या ठायी जे सामर्थ्य आहे त्याला साजेसे काम करण्यास कचरणे हाही दोष. शुभवर्तमानातील तो चाकर आठवावा, ज्याने मिळालेले नाणे जमिनीत पुरून ठेवले. त्याने उधळपट्टी केली नव्हती, तरी धनी त्याच्यावरच रागावला. तेव्हा काकांनी आल्बम कपाटात ठेवून शेवटून दुसऱ्या बाकावर मुकाट बसावे, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस किमान थॉमस तरी देत नाहीत.

मग चूक नेमकी कोठे होते? याचे उत्तर शोधताना भगवानदादांच्याच आयुष्यातील एक काळी घटना पुढे येते. 1942 साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात त्यांना ललिता पवार यांना चापट मारावयाची होती. ती प्रमाणाबाहेर जोरात बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगाचा झटका आला, डावा डोळा कायमचा अधू झाला. मूकपटापासून नायिका म्हणून नावाजलेल्या या येवल्याच्या मुलीने सुमारे तीन वर्षे उपचार घेतले, आणि नायिकेचे दार मिटलेले पाहून त्या चरित्रभूमिकांकडे वळल्या. ज्या डोळ्याने त्यांचे सौंदर्य हिरावले तोच डोळा बारीक करून त्यांनी चाळीसएक वर्षे खाष्ट सासू रंगवली, 1987 साली सुरू झालेल्या 'रामायण' मालिकेत मंथरा रंगवली. 'अनाडी'त त्यांनी केलेली मिसेस डिसा तर आपल्या घराघरांत पोहोचली. वरून तोंडाळ, आतून लोण्यासारखी मऊ अशी ती घरमालकीण पाहून आमच्या आळीतील बायका, ही अमकीच्या सासूसारखी की तमकीच्या, यावर वाद घालीत. त्या भूमिकेला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

या दोन आयुष्यांची तुलना करून एकाला नापास आणि दुसऱ्याला उत्तीर्ण ठरवणे सोपे आहे, आणि प्रवचनाला फारच सोयीचे. आम्ही पूर्वी तसे केलेही आहे. आता ते अन्यायाचे वाटते. ललिताबाईंपुढे मागे जाण्याचा रस्ताच नव्हता. जुना चेहरा पैसे ओतून परत मिळणार नव्हता. भगवानदादांपुढे तो रस्ता उघडा दिसत होता. जवळ पैसा होता, तीच नायिका होती, तोच संगीतकार होता, पायांत तेच पाऊल होते. सर्व साहित्य घरात असताना तोच पदार्थ पुन्हा होणार नाही असे कोणत्या आचाऱ्याला वाटेल? तो होत नाही, कारण खाणाऱ्यांची भूक बदललेली असते. ते स्वयंपाकघरातून दिसत नाही. भगवानदादांनी आशा बाळगली ही त्यांची चूक नव्हे. त्यांनी काळाकडे तोच घास पुन्हा मागितला, एवढेच फार तर म्हणता येईल. उतारवयात दोन मिनिटांसाठी पडद्यावर येणारा तो म्हातारा आम्हांस पूर्वी दयनीय वाटे. आता वाटते, त्या वेळी तो काही परत मागत नव्हता. पोटासाठी काम करीत होता, आणि काम होते नाचण्याचे.

हे सारे लिहिताना आम्ही स्वतः न्यायासनावर बसलो आहोत असे कोणी समजू नये. आमचेही एक 'अलबेला' आहे. तरुणपणी वसईकडील एका गावी सणाच्या मिस्सेत आम्ही एक प्रवचन दिले होते. लोक हेलावले, शेजारच्या धर्मग्रामातून बोलावणी आली, आमचे नाव झाले. पुढे नऊ वर्षांनी बदली होऊन दुसऱ्या ठिकाणी आलो, तेथे आम्हांस कोणी ओळखीना. तेव्हा त्या जुन्या वहीतील तेच प्रवचन, त्याच विरामांसह, आवाज त्याच ठिकाणी खाली आणून आम्ही पुन्हा दिले. कोणी हेलावले नाही. मिस्सेनंतर एक आजी जवळ आल्या आणि अतिशय मायेने म्हणाल्या, "फादर, हे तुम्ही आमच्या माहेरी सांगितलं होतं. तेव्हा फार छान झालं होतं." त्या दिवशी दुपारचे जेवण आमच्या घशाखाली उतरले नाही. पहिल्या वेळी आमच्यापुढे त्या गावची माणसे होती. दुसऱ्या वेळी आमच्यापुढे पहिल्या वेळचे आम्हीच होतो.

आपल्याच भागात या प्रश्नाकडे पाहण्याची एक निराळी रीत आहे. तिच्याकडे आमचे लक्ष उशिरा गेले. वाणगाव-डहाणूकडील एका वारली पाड्यावर भात तयार झाल्यानंतरच्या दिवसांत आम्ही एका रात्री मुक्कामाला होतो. वाळलेला दुधी, बांबू आणि ताडाचे पान यांपासून केलेला तारपा एक वृद्ध फुंकीत होता. त्याच्याभोवती स्त्रीपुरुष एकमेकांना धरून गोल फिरत होते. आम्ही टाळी वाजवण्यासाठी गाणे संपण्याची वाट पाहत राहिलो. ते संपेना. मग ध्यानात आले की तेथे टाळी वाजवणारे आम्ही एकटेच. बाकी सर्व नाचत होते, आणि सर्वांची तोंडे तारपेवाल्याकडे व पाठी जगाकडे होत्या. बऱ्याच वेळाने वृद्धाचा दम उखडला. त्याने तारपा एका तरुणाच्या हाती दिला आणि स्वतः साखळीच्या शेवटी जाऊन एकाच्या कमरेत हात घातला. कोणी त्याचा सत्कार केला नाही, कोणी हळहळलेही नाही. हाच नाच पुढे एका सरकारी महोत्सवात आम्ही व्यासपीठावर पाहिला. तेथे गोल मोडून त्याची सरळ रांग केली होती, तोंडे प्रेक्षकांकडे. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या रांगेतील कोणी एक वीस वर्षांनी आल्बम घेऊन कोणाच्या तरी दारात उभा राहील, असे तेव्हा मनात आले नव्हते.

परंतु आपण पाड्यावरचे नव्हे. आपल्याकडे व्यासपीठ आहे, माइक आहे, पडदा आहे. कौन्सिलच्या सभेत काकांचा विषय निघाला तेव्हा युवक मंडळाचा प्रतिनिधी म्हणाला, "फादर, ती गाणी कोण ऐकणार? लोक जेवायला उठतील." त्यावर जेवणाची जबाबदारी असलेल्या बाई म्हणाल्या, "उठू देत की, तोवर जेवण तयार असतं." सारे हसले, आणि त्या हशात ठराव मंजूर झाला. तीन गाणी. बिरुदाचा विषय आम्ही सभेत काढलाच नाही. निवेदकाला परस्पर सांगितले.

सणाच्या रात्री काका पांढरा कोट घालून आले. कोटाची बटणे लागत नव्हती. निवेदकाने बिरुद पुकारले तेव्हा तरुणांपैकी कोणास त्याचा अर्थ कळला नाही, कारण मूळ गायकाचे नावही त्यांच्या कानी नव्हते. पहिले गाणे खरोखर चांगले झाले. दुसऱ्यात वरच्या स्वराला आवाज फाटला. मागून कोणीतरी खुसखुसले, चारदोन मोबाइल उंचावले गेले. काकांनी कॅराओके चालवणाऱ्या मुलाला हाताने पट्टी खाली घेण्याची खूण केली. त्याला ती कळली नाही. वादक असते तर कळली असती. काकांनी तरीही गाणे पूर्ण केले, तिसरेही म्हटले. शेवटी क्षणभर शांतता पसरली आणि आम्ही टाळी वाजवण्यास आरंभ केला. मग सर्वांनी वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटलेला स्वर हसऱ्या चेहऱ्यांच्या चित्रांसह व्हॉट्सअॅपवर घरोघरी फिरत होता. दहा वाजता काकांची सून आली. डोळे सुजलेले होते. "फादर, तुम्ही नाही म्हणायला हवं होतं," ती म्हणाली. "ते काय, मागणारच. तुम्ही तरी सांभाळायचं होतं त्यांना." आमच्यापाशी उत्तर नव्हते. नकार दिला असता तर तो त्यांच्या भल्यासाठी की आमच्या सणाची शोभा जाऊ नये म्हणून, हे आम्हांस तेव्हाही ठरवता आले नव्हते. ज्या मुलाने ते फिरवले त्याला आम्ही बोलावले. तो रडला, परंतु व्हॉट्सअॅपवरून गेलेले परत येत नाही.

सायंकाळी काका स्वतः आले. आम्ही काही सांत्वनपर बोलू लागलो तर त्यांनी हात वर केला. "फादर, काल पहिली टाळी तुमची होती. ती मी धरत नाही," ते म्हणाले. "पहिल्या गाण्याला मधेच एक बाई मान डोलवत होत्या, ती धरतो. पुढच्या वर्षी पट्टी आधीच खाली करून घेऊ."

पुढच्या वर्षी! आम्ही थक्क होऊन पाहत राहिलो. हा हट्ट, की निष्ठा? दोहोंचा चेहरा इतका सारखा असतो की बापालाही जुळ्यांत ओळख पटू नये. काही सुचेना म्हणून आम्ही एक निराळाच विषय काढला. आमच्याकडे औद्योगिक वसाहतीत दूरदूरच्या प्रांतांतून एकटी आलेली माणसे फार. त्यांतील कोणी वारले की दफनविधीला चारपाच जण जेमतेम जमतात, आणि कामाच्या दिवशी गायकवृंदातील कोणी मोकळे नसते. प्रार्थना आम्ही म्हणतो, गीत कोणी म्हणत नाही. "काका, तुम्ही याल का?"

"तिथं टाळ्या नसतात, फादर," ते म्हणाले. विनोदाने नव्हे. आम्ही पुन्हा विचारले नाही.

सात महिने गेले. ऑगस्टच्या एका दुपारी रात्रपाळी करणाऱ्या एका पहारेकऱ्याचा दफनविधी होता. त्याचे गावाकडचे कोणी वेळेत पोहोचू शकले नव्हते. सोबतचे तिघे कामगार, आम्ही आणि आमचा सेवक, एवढेच जण दफनभूमीत होतो. पाऊस रिमझिमत होता. प्रार्थना अर्ध्यावर आली असता फाटक वाजले. काका छत्री घेऊन आत आले, थोडे अंतर राखून उभे राहिले आणि आम्ही थांबताच त्यांनी एक जुने मराठी भक्तिगीत धरले, पट्टी चांगली खाली घेऊन. हा आवाज कोणत्याही पार्श्वगायकाचा नव्हता. आम्ही तो प्रथमच ऐकत होतो. थोडा घोगरा, वसईकडच्या हेलाचा. तीनही कडवी त्यांनी पूर्ण म्हटली.

माती लोटून झाल्यावर ते आमच्याजवळ आले. छत्रीचे पाणी झटकीत, आमच्याकडे न पाहता त्यांनी विचारले, "फादर, आवाज मागेपर्यंत गेला का?"

हाच प्रश्न आम्ही दर रविवारी मिस्सेनंतर आमच्या सेवकाला विचारत असतो. आम्ही मागे वळून पाहिले. मागे होते फक्त कबर खणणारे दोघे. गीत सुरू झाले तेव्हा त्यांनी फावडी खाली ठेवली होती आणि डोक्यावरची प्लास्टिकची खोळ काढून हातात घेतली होती. ती अजून हातातच होती, आणि दोघेही भिजत उभे होते.

"गेला," आम्ही म्हणालो.